दिवसाआडचं पाणी, बॅचेस आणि संकष्टी: कॉम्प्युटरच्या कॅलेंडरात वेळेच्या नोंदी झटपट आणि बिनचूक कशा कराव्यात

इंदुरात ज्या भागांत नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, तिथल्या घरी ही नोंद कॅलेंडरात बहुतेक वेळा चुकीची पडते. नळ सोमवारी आला, बुधवारी आला, शुक्रवारी आला, म्हणून दर आठवड्याला सोम-बुध-शुक्र अशी आठवण लावली जाते. पण आठवड्याचे दिवस ७, म्हणजे विषम. शुक्रवारनंतरचं पाणी रविवारी येतं, मग मंगळ, गुरू, शनी. पुढच्याच आठवड्यात आठवण रिकाम्या नळाला वाजते आणि खऱ्या पाण्याच्या दिवशी गप्प राहते. दोन आठवडे असं झालं की माणूस कॅलेंडरकडे बघणंच सोडतो आणि पुन्हा भिंतीवर पेन्सिलीने खुणा करू लागतो. खरं तर कॅलेंडरात 'दर २ दिवसांनी' असा पर्याय असतो. तो दोन क्लिक आत असल्यामुळे नजरेस पडत नाही, इतकंच.

झटपट नोंद म्हणजे भराभर टाइप करणं असं अनेकांना वाटतं. आमच्या मते वेळ वाचतो तो दोन ठिकाणी. एक, नेहमी लागणाऱ्या गोष्टी सेटिंगमध्ये एकदाच ठरवून टाकल्या तर. दोन, कुठली नोंद कुठल्या मार्गाने करायची हे माहीत असलं तर. एकच मीटिंग, आठवड्याची बॅच, दिवसाआडचं पाणी आणि वर्षभराच्या संकष्ट्या या चौघींचे मार्ग वेगळे आहेत. खालच्या सगळ्या पायऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधल्या गूगल कॅलेंडरच्या आहेत, कारण बहुतेकांकडे तेच असतं. इतर कॅलेंडरांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी सेटिंग, एकदाच

वर उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करून 'सेटिंग्ज' उघडा. डावीकडे 'जनरल' असतं. त्यातल्या पाच गोष्टी पाहायच्या. बदल आपोआप सेव्ह होतात.

१. टाइम झोन. इथे 'इंडिया स्टँडर्ड टाइम – कोलकाता' हवं, म्हणजे जीएमटीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. लॅपटॉप परदेशातून आलेला असेल किंवा खातं तिकडे उघडलेलं असेल, तर इथे दुसरंच शहर बसलेलं असतं आणि प्रत्येक नोंद काही तासांनी सरकते.

२. वेळेची पद्धत. २४ तासांची घ्या. पहिले चार दिवस '१८:३०' वाचायला अडखळायला होईल, पण एएम-पीएमची चूक कायमची संपेल. सकाळी ६ च्या रियाजाची आठवण संध्याकाळी ६ ला वाजते, ती याच एका चुकीमुळे.

३. आठवड्याची सुरुवात. 'व्ह्यू ऑप्शन्स'मध्ये सोमवार निवडा. शनिवार-रविवार शेजारी-शेजारी येतात आणि घरच्या कामांचा आडाखा बांधणं सोपं जातं.

४. नोंदीची ठरलेली लांबी. 'इव्हेंट सेटिंग्ज'मध्ये 'डिफॉल्ट ड्युरेशन' असतं. तुमच्या दिवसात जे सर्वांत जास्त वेळा येतं, त्याची लांबी इथे द्या. गाण्याचा किंवा गणिताचा क्लास घेणाऱ्याने ६० मिनिटं, ऑफिसात फोनवर बोलणी करणाऱ्याने ३०. ही लांबी सगळ्या कॅलेंडरांना एकच लागते, प्रत्येकाला वेगळी देता येत नाही. शेजारीच 'स्पीडी मीटिंग्ज' अशी खूण आहे. ती लावली की अर्ध्या तासाची मीटिंग ५ मिनिटं आधी आणि तासाची १० मिनिटं आधी संपते. लागोपाठ मीटिंगा असणाऱ्यांनी ती जरूर लावावी. क्लासवाल्यांनी लावू नये, कारण मग ५ ते ६ ची बॅच ५ ते ५:५० अशी दिसते आणि पालक विचारत बसतात.

५. कीबोर्ड शॉर्टकट. 'जनरल'मध्येच खालच्या बाजूला चालू करण्याची खूण आहे. ती नसेल तर पुढे सांगितलेली अक्षरं दाबून काहीच होणार नाही.

कॅलेंडरं वेगळी, म्हणजे आठवणी वेगळ्या

सगळं एकाच कॅलेंडरात टाकून नोंदींना नुसते रंग देणारे बरेच आहेत. रंगाने डोळ्यांची सोय होते, कामाची होत नाही. वेगळं कॅलेंडर केलं, तर त्याच्या आठवणीची वेळ एकदाच ठरते आणि पुढे प्रत्येक नोंदीत ती भरावी लागत नाही.

डावीकडे 'अदर कॅलेंडर्स'च्या शेजारच्या अधिक चिन्हावर क्लिक करा, 'क्रिएट न्यू कॅलेंडर' निवडा, नाव द्या. तीन-चार पुरेत: 'घर', 'क्लास' किंवा 'ऑफिस', 'प्रवास', 'सणवार'. मग सेटिंग्जमध्ये डावीकडे त्या-त्या कॅलेंडरचं नाव येतं. तिथे 'इव्हेंट नोटिफिकेशन्स'मध्ये आठवण लावा. सुरुवातीला असं ठेवून पाहा: क्लासला १० मिनिटं आधी, घरच्या कामांना ३० मिनिटं, प्रवासाला दोन आठवणी, एक १ दिवस आधीची आणि एक ३ तास आधीची. एका नोंदीला जास्तीत जास्त ५ आठवणी लागतात आणि सर्वांत लांबची ४ आठवडे आधीची असू शकते. दिवसभराच्या नोंदींसाठी 'ऑल-डे' आठवणींची जागा स्वतंत्र आहे. ती रिकामी राहिली की वाढदिवस गुपचूप निघून जातात.

हे कॅलेंडर घरच्यांशी शेअर करता येतं. त्याच पानावर व्यक्तीचा ईमेल टाकून परवानगी ठरवायची: फक्त मोकळा वेळ दिसावा, सगळा तपशील दिसावा, की बदलही करता यावेत. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही लावलेली आठवण फक्त तुम्हालाच वाजते. 'घर' कॅलेंडर मुलाला दिसतं, म्हणून पाण्याची आठवण त्याच्या फोनवर वाजेल असं नाही. त्याने आपल्या खात्यात त्याच कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःची आठवण लावायला हवी. 'मी टाकलं होतं की!' आणि 'मला काही आलंच नाही!' या घरोघरच्या वादाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

एकच नोंद: माउसने की कीबोर्डने

वेळ पूर्ण, अर्ध्या किंवा पाव तासाची असेल तर माउस. 'डब्ल्यू' दाबून आठवडा समोर आणा. गुरुवारच्या रांगेत १७:०० च्या रेषेवर माउस दाबून धरा, १८:३० पर्यंत खाली ओढा, सोडा. छोटी चौकट उघडते आणि कर्सर नावाच्या जागी लुकलुकत असतो. नाव लिहा, खाली कुठल्या कॅलेंडरात जाते आहे ते पाहा आणि 'सेव्ह' दाबा. कॅलेंडरचं नाव न पाहता सेव्ह करणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. नोंद मुख्य कॅलेंडरात पडते, 'प्रवास'च्या आठवणी तिला लागत नाहीत आणि घरच्यांनाही ती दिसत नाही.

नंतर वेळ बदलायची तर पट्टी उचलून दुसरीकडे ठेवा. लांबी बदलायची तर पट्टीची खालची कड धरून ओढा. ओढताना पट्टी १५-१५ मिनिटांच्या टप्प्यांनी सरकते. म्हणून १८:४० सारखी वेळ माउसने नीट बसत नाही, ती टाइपच करावी लागते.

तारीख लांबची असेल किंवा वेळ अडनिडी असेल तर कीबोर्ड. 'सी' दाबा, पूर्ण पान उघडतं. नाव लिहा, टॅब मारत तारखेवर आणि मग सुरुवातीच्या वेळेवर जा, १८:४० टाइप करा, पुन्हा टॅब, मग शेवटची वेळ. कंट्रोल-एस ने सेव्ह. सवय झाली की हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही.

या पानावर क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवातीची वेळ बदलली की शेवटची वेळही तितकीच सरकते, कारण कॅलेंडर लांबी कायम ठेवतं. त्यामुळे आधी शेवट भरून मग सुरुवात बदलली, तर भरलेला शेवट बिघडतो. वरून खाली या: तारीख, सुरुवात, शेवट. शेवटच्या वेळेच्या यादीत प्रत्येक वेळेपुढे लांबीही दिसते. 'दीड तास' एवढंच डोक्यात असेल तर ती पाहून निवडा, बोटांवर हिशेब नको.

वेळेच्या चौकटीत आकडे इंग्रजीच टाका. नाव मात्र खुशाल मराठीत लिहा, शोधतानाही ते सापडतं. शॉर्टकट दाबून काही होत नसेल तर आधी मराठी कीबोर्ड चालू आहे का ते पाहा. विंडोजमध्ये विंडोज-की आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते.

आणखी काही अक्षरं लक्षात ठेवण्यासारखी: 'डी' दिवस, 'एम' महिना, 'टी' आज, 'जी' ठरावीक तारखेवर उडी, 'जे' पुढे, 'के' मागे. प्रश्नचिन्ह दाबलं की सगळी यादी समोर येते. चुकून काही हललं तर लगेच कंट्रोल-झेड. नोंद पुसली गेली असेल तर दातेरी चाकाखालच्या 'ट्रॅश'मध्ये ती सुमारे ३० दिवस राहते आणि तिथून परत आणता येते.

जवळपास तशीच दुसरी नोंद हवी असेल तर नव्याने लिहू नका. जुनी उघडा, तीन ठिपक्यांवर क्लिक करून 'डुप्लिकेट' निवडा, तारीख-वेळ बदला, सेव्ह. पत्ता, टिपणं, पाहुण्यांची नावं सगळं बरोबर येतं. पाहुणे येतात म्हणूनच सेव्ह करताना आमंत्रण पाठवायचं का, या प्रश्नाला घाईत 'हो' म्हणू नका.

पुन्हापुन्हा येणाऱ्या नोंदी

खरा वेळ इथे वाचतो आणि खरा घोळही इथेच होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

नोंदीच्या पूर्ण पानावर वेळेखाली 'डझ नॉट रिपीट' असं लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक केलं की तयार पर्याय येतात: रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला वगैरे. अगदी खाली 'कस्टम' आहे. पाण्याच्या नोंदीसाठी तेच हवं.

१. ज्या दिवशी पाणी नक्की आलं, त्या तारखेची नोंद करा. समजा तुमच्याकडे सकाळी ६:०० ते ६:४५ येतं. कॅलेंडर 'घर'.
२. 'कस्टम'मध्ये 'रिपीट एव्हरी'च्या चौकटीत २ टाका आणि शेजारी 'डे' निवडा.
३. 'एंड्स'मध्ये तीन महिन्यांनंतरची एखादी तारीख द्या.
४. आठवण १५ मिनिटं आधी. मोटर लावायला, टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला तेवढा वेळ पुरतो.

आता लाइन फुटली आणि एक पाळी चुकली. पाणी दुसऱ्या दिवशी आलं आणि तिथून नवा क्रम सुरू झाला. अशा वेळी चुकलेल्या दिवसाची नोंद उचलून पुढच्या दिवसावर ठेवा. कॅलेंडर विचारतं: फक्त ही नोंद, ही आणि यापुढच्या, की सगळ्या? इथे 'ही आणि यापुढच्या' निवडायचं. मागच्या नोंदी जागेवर राहतात आणि पुढची सगळी साखळी एक दिवस सरकते. 'फक्त ही' निवडलं तर पुढचा क्रम चुकीचाच राहतो. 'सगळ्या' निवडलं तर मागचा इतिहासही हलतो आणि मागच्या महिन्यात पाणी कधी आलं हे पाहायची सोय जाते.

'ही आणि यापुढच्या' निवडल्यावर आत साखळीचे दोन तुकडे होतात. नंतर कधी 'सगळ्या' म्हटलं तर तो बदल त्या एका तुकड्यापुरताच होतो. शेवटची तारीख न देता वर्षानुवर्षं चालणारी साखळी ठेवली तर असे दहा-बारा तुकडे साठतात आणि कुठली नोंद कुठल्या तुकड्यातली हे कळेनासं होतं. म्हणून प्रत्येक साखळीला शेवट द्यावा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. पाण्याला तीन महिने, क्लासला सत्र संपेपर्यंत. साखळी संपली की दोन मिनिटांत नवी करता येते.

क्लासच्या बॅचसाठी 'कस्टम'मध्ये 'वीक' निवडून हवे ते वार टिचकवा. आधी पहिल्या तारखेचा वार त्या वारांपैकीच आहे याची खात्री करा. मंगळवारची तारीख ठेवून सोम-बुध-शुक्र निवडलं की सुरुवातच फसते. सोम-बुध-शुक्र ५ ते ६ आणि शनिवारी ७ ते ८ अशी बॅच असेल तर एका साखळीत ते बसत नाही, दोन साखळ्या करा. एखाद्या दिवशी सुट्टी दिली तर तेवढीच नोंद पुसा आणि 'फक्त ही' निवडा. पुढे कधी पूर्ण बॅचची वेळ बदलली, तर अशा हाताने बदललेल्या किंवा पुसलेल्या तारखा एकदा डोळ्यांखालून घाला. त्या पुन्हा जुन्या साच्यात गेलेल्या असू शकतात.

महिन्याच्या नोंदींत दोन सापळे आहेत. ३१ तारखेला 'दर महिन्याला' लावलं की ज्या महिन्यात ३१ नाही, तो महिना कॅलेंडर सरळ सोडून देतं. वर्षात १२ ऐवजी ७ च नोंदी पडतात. घरभाडं, हप्ता असं काही महिनाअखेरचं असेल तर २८ तारीख धरा. दुसरा सापळा बँकेच्या शनिवारांचा. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. चौथ्या शनिवारची तारीख घेऊन पर्याय उघडला, तर काही महिन्यांत 'चौथा शनिवार' आणि 'शेवटचा शनिवार' असे दोन्ही दिसतात. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात, तिथे हे दोन वेगळे पडतात. 'चौथा' निवडा.

तिथीवर चालणाऱ्या गोष्टींना 'दर वर्षी' कधीच लावू नका. रंगपंचमी २०२५ मध्ये १९ मार्चला होती, २०२६ मध्ये ८ मार्चला. राजवाड्याच्या गेरमुळे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीमुळे, त्या दिवशी जुन्या शहरात गाडी घालायची सोय नसते. त्यामुळे ती नोंद चुकली की दवाखान्याची अपॉइंटमेंट किंवा स्टेशनचा प्रवास अडकतो. अशा तारखांचा मार्ग पुढे, फाइलच्या भागात आहे.

मध्यरात्र आणि रेल्वे

तिकिटावर १२ तारीख आणि ००:२० अशी वेळ असेल तर गाडी ११ तारखेच्या रात्री पकडायची असते. बारा तारखेला जेवून निघालेला माणूस स्टेशनवर पोचतो तेव्हा गाडी जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. म्हणून रेल्वेच्या दोन नोंदी करा. एक गाडीची, तिकिटावर आहे तशी. दुसरी 'घरातून निघणे', ११ तारखेला २३:१५ ला. घर स्टेशनपासून किती लांब आहे त्यावर ही वेळ ठरेल. आठवण दुसऱ्या नोंदीला लावायची, कारण हालचाल तिथून सुरू होते. रात्रभराच्या गाडीची नोंद करताना शेवटची तारीख पुढच्या दिवसाची घाला. ती तशीच राहिली तर शेवट सुरुवातीच्या आधी येतो आणि नोंद सेव्ह होत नाही, किंवा घाईत वेळच चुकीची भरली जाते.

आरक्षण उघडण्याच्या दिवसाची नोंदही याच कॅलेंडरात हवी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी मिळतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. २०२६ ची दिवाळी धरा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. अवंतिका एक्स्प्रेसने ६ नोव्हेंबरला इंदूरहून मुंबईला निघायचं तर आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता उघडेल. नोंद ७:४५ ते ८:१५ अशी करा, आठवणी आदल्या संध्याकाळी आणि १५ मिनिटं आधी. नोंदीच्या टिपणात प्रवाशांची नावं आणि वयं आधीच लिहून ठेवा, म्हणजे आठ वाजता शोधाशोध होत नाही. तत्काळ तिकीट प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी १० वाजता आणि बिगर-एसीसाठी ११ वाजता.

परदेशी मीटिंग: घड्याळ कोणाचं?

इंदुरात विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉर भागातल्या ऑफिसांत काम करणाऱ्यांना हा भाग रोजचा आहे. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, अमेरिकेचं आणि ब्रिटनचं हलतं. न्यूयॉर्कची सकाळी ९:३० ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे १९:०० ला असते, हिवाळ्यात २०:०० ला. ती दर आठवड्याची मीटिंग तुम्ही भारतीय वेळेत १९:०० ला लावली, तर नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या माणसाला ती सकाळी ८:३० ला दिसेल. चूक कोणाची हे शोधण्यात एक मीटिंग वाया जाते.

नियम सोपा आहे. मीटिंग ज्यांच्या घड्याळावर ठरली, त्यांचा टाइम झोन नोंदीला द्यायचा. पूर्ण पानावर वेळेच्या शेजारी 'टाइम झोन' असं लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक करून न्यूयॉर्कचा म्हणजे 'ईस्टर्न टाइम' निवडा आणि वेळ ९:३० लिहा. तुमच्या आठवड्यात ती नोंद आपोआप १९:०० किंवा २०:०० ला बसते.

लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही असतील तर वर्षातले काही आठवडे विशेष सांभाळायचे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिटन मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये म्हणजे ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात त्या दोन शहरांतलं अंतर ५ ऐवजी ४ तासांचं असतं. या दोन पट्ट्यांची दिवसभराची नोंद करून ठेवा. सेटिंग्जमध्ये दुसरा टाइम झोन दाखवायची खूण लावली की आठवड्याच्या डाव्या कडेला दोन घड्याळं शेजारी-शेजारी दिसतात.

वर्षभराच्या तारखा एका फाइलने

संकष्टी, नाटकांचे प्रयोग, शाळेचं परीक्षा-वेळापत्रक अशा वीस-पंचवीस तारखा एकेक करून टाकायला तास जातो आणि एखादी तरी चुकतेच. त्या एक्सेलमध्ये भरून एकदम आत घेता येतात. संकष्टीचं उदाहरण घेऊ. २०२६ मध्ये जानेवारी ते डिसेंबर १३ संकष्ट्या आहेत.

आधी वेळेबद्दल. संकष्टीची नोंद चंद्रोदयाच्या वेळेची असते आणि चंद्रोदय गावागणिक बदलतो. घरातल्या पंचांगात मुंबईची वेळ असेल तर ती जशीच्या तशी घेऊ नका. इंदूर मुंबईच्या साधारण ३ अंश पूर्वेला आहे, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे इथे चंद्र ढोबळमानाने १२ मिनिटं आधी उगवतो. अक्षांशामुळे त्यात ऋतूप्रमाणे आणखी काही मिनिटं कमी-जास्त होतात. म्हणून इंदूरची वेळ दिलेलं पंचांगच वापरा. आजी पाटावर ताट घेऊन बसलेल्या असतात, त्या दिवशी बारा मिनिटं लहान नसतात.

१. एक्सेलच्या पहिल्या ओळीत मथळे इंग्रजी अक्षरांत आणि नेमके असेच लिहा: Subject, Start Date, Start Time, End Date, End Time, Description, Location. स्पेलिंग चुकलं की तो रकाना वाचला जात नाही.
२. खाली एका ओळीत एक नोंद. नाव मराठीत चालतं. चंद्रोदयापासून १५ मिनिटांची नोंद पुरते.
३. तारीख महिना-दिवस-वर्ष या क्रमाने, मध्ये तिरक्या रेघा. इथेच सगळे फसतात. आपण दिवस आधी लिहितो. ५ जून आपल्या सवयीने ०५/०६ लिहिली की ती ६ मे म्हणून आत जाते आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. १२ च्या पुढचे दिवस निदान अडतात तरी, १ ते १२ मधले गुपचूप उलटतात.
४. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा (सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी फाइल). साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.
५. फाइल नोटपॅडमध्ये उघडून तारखांवर नजर टाका. एक्सेल आपल्या मनाने तारखेची मांडणी बदलतं, ते इथे दिसतं.
६. 'संकष्टी चाचणी' नावाचं नवं, रिकामं कॅलेंडर करा. सेटिंग्जमध्ये 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट'मध्ये जा, फाइल निवडा, खाली हेच कॅलेंडर निवडा, 'इम्पोर्ट'.

सहावी पायरी गाळू नका. तारखा उलटल्या असतील तर हे कॅलेंडर एका क्लिकने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. मुख्य कॅलेंडरात घातल्या तर १३ नोंदी शोधून हाताने काढाव्या लागतात. तीच फाइल दोनदा घातली तर नोंदीही दुहेरी होतात. पुन्हापुन्हा येणारी साखळी सीएसव्हीतून येत नाही, प्रत्येक तारखेला स्वतंत्र ओळ लागते. सगळं ठीक दिसलं की कॅलेंडरचं नाव बदला आणि ४५ मिनिटं आधीची आठवण लावा, म्हणजे मोदकांची उकड काढायला वेळ मिळतो. फाइल आत घेण्याची सोय कॉम्प्युटरवरच आहे, फोनच्या ॲपमध्ये नाही.

आठवण वाजत नसेल तर

कॉम्प्युटरवरची सूचना ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडं असेल तरच येते. टॅब बंद किंवा लॅपटॉप झोपलेला असेल तर येत नाही. म्हणून फोनमध्येही तेच खातं हवं आणि त्या कॅलेंडरचं सिंक, म्हणजे नोंदी आपोआप फोनवर उतरण्याची सोय, चालू हवं. नवीन केलेलं कॅलेंडर फोनवर कधी कधी आपोआप दिसत नाही, ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन सिंक सुरू करावं लागतं. फोनची बॅटरी बचतही सूचना अडवते, तिच्यातून कॅलेंडर वगळा. हे करूनही शंका असेल तर दहा मिनिटांनंतरची एक खोटी नोंद करून पाहा.

इतर कॅलेंडरं

जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए ने नवी नोंद उघडते. आठवड्यात वेळ निवडून थेट टाइप करायला लागलं तरी नोंद होते. पट्टी कंट्रोल दाबून ओढली की तिची प्रत होते, हे गूगलच्या 'डुप्लिकेट'पेक्षा सोयीचं आहे. तारखेच्या चौकटीत इंग्रजीत 'टुमॉरो' किंवा 'नेक्स्ट मंडे' लिहिलेलंही त्याला कळतं. थंडरबर्डमध्ये कंट्रोल-आय, मॅकच्या कॅलेंडरात कमांड-एन. टाइम झोन, महिनाअखेर आणि साखळीचे तुकडे यांबद्दल वर जे सांगितलं, ते या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू आहे. सीएसव्हीचे मथळे मात्र प्रत्येकाचे वेगळे असतात. त्या-त्या कॅलेंडरातून आधी एखादी नोंद बाहेर काढून पाहा आणि तीच मथळ्यांची ओळ वापरा.